संकेत सांगून ठेवा

(समा, वडोदरा येथील स्मृती-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला आहे ते गुरुजी मोडी लिपी वाचत असत, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. बडोद्याच्या जुन्या मराठी घरांत माळ्यावर एखादी ट्रंक असते आणि तिच्या तळाशी कापडात बांधलेले कागद असतात. कुणाचे खरेदीखत, कुणाची सनद, कुणाच्या पणजोबांनी पणजीला लिहिलेले पत्र. कागद आपल्या घरचा, भाषा आपली, आणि तरी घरात कुणालाही तो वाचता येत नाही. असे कागद घेऊन लोक समाला गुरुजींकडे येत. गुरुजी कागद खिडकीच्या उजेडात धरत, एक ओळ मनाशी दोनदा वाचत आणि मग बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, उतरवून देत. या कामाचे त्यांनी कधी पैसे घेतले नाहीत.

मी त्यांच्याकडे मोडी शिकलो आणि पुढे पोटापाण्यासाठी संगणकाचे प्रोग्राम लिहिले. ही दोन कामे मुळात एकच आहेत, हे कळायला मला फार वर्षे लागली. लिहिणारा आपला मजकूर खुणांमध्ये बांधतो आणि वाचणारा त्या खुणा सोडवतो. संगणकाच्या धंद्यात आम्ही याला एनकोड आणि डिकोड म्हणतो. बांधणे आणि सोडवणे यांच्यामध्ये एक तक्ता असतो. तो दोघांकडे एकच असला तर मजकूर पोहोचतो, नाहीतर नुसत्या खुणा पोहोचतात. आजचे व्याख्यान त्या तक्त्याविषयी आहे.

काही वर्षांपूर्वी एका कार्यालयाचे छापील पत्र मला आले. इंग्रजी मजकूर नीट होता. पत्त्यात मी मराठीत भरलेल्या 'समा' या शब्दाच्या जागी मात्र तीन प्रश्नचिन्हे होती. घरातल्यांनी विचारले, अक्षरे दोन आणि प्रश्नचिन्हे तीन, असे का? प्रश्न अगदी योग्य होता, आणि त्याच्या उत्तरात सगळा विषय येतो.

संगणकाच्या पोटात अक्षर नावाची वस्तूच नसते. तिथे फक्त आकडे असतात. युनिकोड या जागतिक तक्त्यात प्रत्येक खुणेला एक क्रमांक दिलेला आहे. 'स'चा क्रमांक २३६०, 'म'चा २३५० आणि काना स्वतंत्र, त्याचा २३६६. म्हणून आपल्याला दोन अक्षरे दिसतात तिथे संगणक तीन खुणा मोजतो. त्या कार्यालयाच्या यंत्रणेत कुठेतरी असा जुना तक्ता होता ज्यात रोमन अक्षरांपलीकडे काही नव्हते. यंत्राने 'स' शोधला, सापडला नाही, प्रश्नचिन्ह ठेवले. 'म' शोधला, प्रश्नचिन्ह ठेवले. काना शोधला, पुन्हा प्रश्नचिन्ह. तीन खुणा, तीन प्रश्नचिन्हे.

याहून वेगळा एक बिघाडही आपण सर्वांनी पाहिलेला आहे. मराठी मजकुराच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेले रोमन 'ए', चार कोपऱ्यांना काड्या फुटलेले वर्तुळ, स्वल्पविरामासारखे शेपूट, अशी चित्रविचित्र रांग उमटते. हा प्रकार पाहायला जास्त भीतीदायक असतो, पण तो कमी घातक आहे.

युनिकोडचा क्रमांक फाइलमध्ये ठेवताना तो बाइटांमध्ये बांधावा लागतो. एका बाइटमध्ये शून्यापासून २५५ पर्यंतचाच आकडा मावतो, तेव्हा २३६० एका बाइटमध्ये बसत नाही. आज सर्वत्र चालणारी बांधण्याची रीत म्हणजे यूटीएफ-८. तिच्यात देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन बाइट लागतात. 'स' म्हणजे २२४, १६४, १८४. 'म' म्हणजे २२४, १६४, १७४. काना म्हणजे २२४, १६४, १९०. 'समा' हा शब्द असा नऊ बाइटांचा होतो. आता हे नऊ बाइट एखाद्याने पश्चिम युरोपातल्या भाषांसाठी केलेल्या जुन्या तक्त्याने सोडवले, तर त्या तक्त्यात एक बाइट म्हणजे एक अक्षर असल्यामुळे त्याला नऊ खुणा दिसतील. २२४ म्हणजे तो तिरक्या रेघेचा 'ए', १६४ म्हणजे ते काड्यांचे वर्तुळ. देवनागरीच्या प्रत्येक खुणेची सुरुवात २२४ ने होते, म्हणून तो 'ए' पुन्हा पुन्हा येतो.

इथे मजकूर मेलेला नाही. नऊच्या नऊ बाइट शाबूत आहेत, फक्त वाचणाऱ्याने तक्ता चुकीचा घेतला आहे. योग्य तक्ता हाती दिला की 'समा' परत उभे राहते. प्रश्नचिन्हांच्या बाबतीत तसे होत नाही. तीनही प्रश्नचिन्हांचा आकडा एकच, ६३. त्यातले पहिले मुळात 'स' होते की 'क', हे जगातला कोणताही जाणकार सांगू शकणार नाही. चुकीच्या वाचनातून मजकूर परत आणता येतो, चुकीच्या लिहिण्यातून येत नाही. जुन्या फाइली हाताळणाऱ्या प्रत्येकाने हा फरक मनात पक्का करावा. चित्रविचित्र खुणा दिसल्या तर फाइल तशीच ठेवा आणि जाणकाराला दाखवा. त्या खुणा दिसत असताना फाइल पुन्हा 'सेव्ह' करू नका, कारण नुकसान तिथे होते. त्या जुन्या युरोपीय तक्त्यात पाच जागा रिकाम्या आहेत, आणि १४१ ही त्यांपैकी एक. आपल्या हलन्ताचे, म्हणजे पाय मोडण्याच्या खुणेचे, बाइट आहेत २२४, १६५, १४१. फाइल त्या तक्त्यातून पुन्हा लिहिली गेली तर हा १४१ गळण्याची शक्यता असते, आणि मग मजकुरातले प्रत्येक जोडाक्षर मोडते. 'झ' आणि 'ए' यांचेही शेवटचे बाइट अशाच रिकाम्या जागांवर पडतात.

गुरुजींकडचे शिक्षण याच प्रश्नांचे होते. मोडीचा पहिला नियम असा की लेखक आधी पानभर आडवी रेघ ओढून घेतो आणि मग तिला अक्षरे लटकवत जातो. शब्द संपला म्हणून रेघ तुटत नाही, वाक्य संपले म्हणून खूण नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद मोडी पाळत नाही. म्हणजे मोडीतून बाळबोधीत येताना वाचणाऱ्याला मूळ कागदात नसलेली माहिती भरावी लागते. शब्द कुठे तोडायचा, वेलांटी पहिली की दुसरी, हे त्याला भाषेच्या आणि प्रसंगाच्या ज्ञानाने ठरवावे लागते. उकलणे हे नुसते अक्षर बदलणे नसते, हे मी तिथे शिकलो.

कालगणना हा तर संकेताचा सुंदर नमुना आहे. पेशवाईच्या कागदांवर वर्ष आकड्यांत नसते, अरबी शब्दांत असते. 'इहिदे सितैन मया व अलफ' असे लिहिलेले दिसते. इहिदे म्हणजे एक, सितैन म्हणजे साठ, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार. बेरीज केली की ११६१ येतात. पण इथे थांबणारा माणूस सहा शतके चुकतो. हे शुहूर सन आहे, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात, आणि मग १७६०-६१ मिळते. ते पानिपतचे वर्ष आहे. शब्द बरोबर वाचले, बेरीज बरोबर केली, तरी कोणता सन धरायचा हे माहीत नसेल तर हाती खोटे वर्ष येते. संगणकात २३६० हा आकडा बरोबर वाचला, तरी तो कोणत्या तक्त्यातला हे माहीत नसेल तर नेमके हेच होते.

हे काम केवढे मोठे असू शकते ते बडोद्याने पाहिलेले आहे. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ मध्ये सयाजीराव महाराजांच्या सेवेत आले आणि आयुष्याची उमेदीची वर्षे त्यांनी या शहरात काढली. बडोदे सोडल्यावर त्यांनी पुण्याच्या पेशवे दप्तराचे काम हाती घेतले. तिथे कागद रुमालांत बांधलेले, मोडीत लिहिलेले, ढिगांनी. त्यातून निवडलेले कागद १९३० ते १९३४ या काळात ४५ भागांत छापून निघाले. ते बाळबोधीत निघाले म्हणून आज मोडी न येणारा विद्यार्थीही ते वाचू शकतो. एका लिपीतून दुसऱ्या लिपीत मजकूर सुखरूप नेणे हे इतिहासाचे केवढे काम आहे, ते त्या ४५ भागांकडे पाहिले की कळते.

तक्ता खाजगी राहिला तर काय होते, याचेही उदाहरण आपल्याच भाषेत आहे. चौदाव्या शतकात महानुभाव पंथात सकळ लिपी तयार झाली. एका अक्षराऐवजी दुसरे अक्षर लिहायचे, आणि कोणत्याऐवजी कोणते, हे पंथातल्या अधिकारी माणसांनाच ठाऊक. हेतू समजण्यासारखा होता. आपल्या पवित्र ग्रंथांचे त्यांना रक्षण करायचे होते, आणि ते त्यांनी केले. पण त्यामुळे 'लीळाचरित्र' हा मराठीचा आद्य गद्यग्रंथ शतकानुशतके बाहेरच्या मराठी वाचकापर्यंत पोहोचला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी त्या लिपीची उकल केली, आणि मराठी गद्याची सुरुवात किती समृद्ध होती हे मराठी माणसाला कळले. ग्रंथ पोथ्यांमध्ये होताच, त्याची किल्ली तेवढी बाहेर नव्हती.

मित्रहो, ही चौदाव्या शतकातली गोष्ट आपण अगदी अलीकडे पुन्हा घडवली, आणि या वेळी गुप्त ठेवण्यासारखे काहीही नव्हते. १९६३ च्या आस्की या अमेरिकन तक्त्यात १२८ जागा होत्या. इंग्रजीची गरज त्यात भागली, देवनागरीला जागा नव्हती. १९९० च्या आसपास मराठी छपाई डीटीपीवर आली तेव्हा फॉन्ट करणाऱ्यांनी वाट काढली. रोमन अक्षरांच्या आकड्यांवरच देवनागरीचे तुकडे बसवले. एका आकड्यावर काना, दुसऱ्यावर अर्धा 'म', तिसऱ्यावर रफार. पडद्यावर मराठी दिसू लागले, छापूनही सुरेख येऊ लागले. त्या मंडळींनी त्या काळात मराठी छपाई चालू ठेवली, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. पण प्रत्येक फॉन्टचा तक्ता वेगळा होता. फाइलमध्ये खरोखर होती ती रोमन अक्षरांची गिचमीड. मराठीपण फॉन्टमध्ये होते, मजकुरात नव्हते. फॉन्ट गेला की मराठी गेले.

दिवाळी अंक, स्मरणिका, मंडळांचे अहवाल, प्रबंध, कवितासंग्रहांची हस्तलिखिते, जवळजवळ वीस वर्षांचे मराठी लेखन या रीतीने साठवले गेले. आमच्या एका मंडळाच्या स्मरणिकेची फाइल माझ्याकडे अशीच आली. ज्यांनी लेख लिहिले त्यांतले कितीतरी आज हयात नाहीत. फाइल उघडते, पण वाचता येत नाही. ट्रंकेतला मोडी कागद आणि ही फाइल यांत मला फरक दिसला नाही.

ती फाइल सोडवण्यासाठी मी स्वतः एक प्रोग्राम लिहिला. या खुणेच्या जागी ती खूण, अशी यादी केली आणि फिरवली. पहिल्या पानावर बहुतेक मजकूर बरोबर आला आणि मला वाटले काम झाले. नंतर पाहिले तर 'स्थिती' शब्दाची वेलांटी भलत्या अक्षराला चिकटलेली, आणि 'कीर्ती'तला रफार हरवलेला. कारण असे होते. जुने फॉन्ट डोळ्याला दिसते त्या क्रमाने खुणा ठेवतात. पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे दिसते, म्हणून ती आधी. रफार शेवटी डोक्यावर चढतो, म्हणून तो नंतर. युनिकोड उच्चाराच्या क्रमाने ठेवतो. वेलांटी व्यंजनानंतर, कारण आपण ती नंतर उच्चारतो. रफाराचा 'र' आधी, कारण तो आधी उच्चारला जातो. म्हणजे वेलांटीला उडी मारून पुढे न्यायचे, आणि जोडाक्षर असेल तर अख्खे जोडाक्षर ओलांडून न्यायचे. माझा प्रोग्राम एकच अक्षर ओलांडत होता. या भाषेत मी वाढलो, तरी तिच्या लिहिण्याचा क्रम मी कधी डोळे उघडून पाहिला नव्हता.

त्या दिवसापासून मी एक नियम पाळला आणि तो तरुण प्रोग्रामरांना आवर्जून सांगतो. मजकूर बांधण्याचे आणि सोडवण्याचे यंत्र स्वतः घडवू नका, तयार असलेले वापरा.

आमच्या धंद्यात अशा तयार, तपासलेल्या, सर्वांसाठी ठेवलेल्या कामाला 'लायब्ररी' म्हणतात. बडोद्यात हा शब्द उच्चारताना मला वेगळे वाटते. १९१० साली सयाजीरावांनी बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला इथे आणले आणि मध्यवर्ती ग्रंथालय उभे केले. महाराजांच्या राजवाड्यातली पुस्तके त्यांनी सर्वांना खुली केली. पेट्यांत भरलेली फिरती वाचनालये गावोगाव गेली. त्यामागची कल्पना साधी होती. ज्ञान प्रत्येकाने स्वतःच्या घरात नव्याने मिळवत बसू नये, एका ठिकाणी नीट लावून ठेवावे आणि सर्वांनी तिथून न्यावे. प्रोग्रामरची लायब्ररी हीच कल्पना आहे. एकाने सोडवलेली अडचण दुसऱ्याला सोडवावी लागू नये.

अशा लायब्ररीत काय असते ते सांगतो. पायथन या भाषेची २००८ मध्ये तिसरी आवृत्ती आली, तिने एक शिस्त घालून दिली. मजकूर वेगळा आणि बाइट वेगळे. मजकुराचे बाइट करायचे तर 'एनकोड' म्हणा, बाइटांचा मजकूर करायचा तर 'डिकोड' म्हणा, आणि दोन्ही वेळा तक्त्याचे नाव मनात स्पष्ट असू द्या. आधीच्या आवृत्तीत दोन्ही एकमेकांत मिसळत आणि इंग्रजी मजकूर असेपर्यंत काही बिघडत नसे. मराठी नाव आले की प्रोग्राम कोसळे. म्हणून कितीतरी चुका आपल्या नावांवर उघड झाल्या.

दुसरी गोष्ट. मोठी फाइल तुकड्यातुकड्यांनी येते. समजा एका वेळी १०२४ बाइट आले. मराठी खूण तीन बाइटांची. सलग देवनागरी मजकूर असेल तर ३४१ खुणा पूर्ण होतात आणि पुढच्या खुणेचा एक बाइट उरतो. घरी लिहिलेला प्रोग्राम तो उरलेला बाइट चुकीचा समजून टाकतो. लायब्ररी तो बाजूला जपून ठेवते आणि पुढच्या तुकड्याला जोडते. यूटीएफ-८ ची रचनाच अशी आहे की पहिला बाइट पाहून पुढे किती येणार हे कळते, आणि मधला बाइट पाहून तो मधला आहे हे कळते. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खानावळीत टेबलावरच्या कागदावर ही रचना मांडली. पानाच्या मधूनच वाचायला सुरुवात केली तरी पुढच्या अक्षरापाशी वाट सापडावी, हा गुण तिने दिला. मोडी वाचणाऱ्याला हा गुण किती हवाहवासा वाटेल ते मी जाणतो.

तिसरी गोष्ट, न सापडलेल्या खुणेचे काय करायचे हे लायब्ररी तुम्हाला विचारते. थांबू का, गाळू का, की प्रश्नचिन्ह ठेवू? घाईत असलेला माणूस 'गाळ' किंवा 'प्रश्नचिन्ह ठेव' म्हणतो आणि प्रोग्राम बिनतक्रार चालतो. माझ्या पत्त्यातल्या तीन प्रश्नचिन्हांमागे असाच एखादा निर्णय असणार. चूक झाली तर यंत्राने ओरडावे, गप्प बसू नये, असाच पर्याय निवडा. गप्प बसलेल्या चुका दहा वर्षांनी सापडतात आणि तोपर्यंत मूळ कागद गेलेला असतो.

आता या भूमीशी जवळून जोडलेली एक गोष्ट. भारतीय लिप्यांसाठी आपल्या देशात इस्की नावाचा तक्ता झाला आणि १९९१ मध्ये तो भारतीय मानक ठरला. त्यात 'क'चा आकडा १७९. देवनागरीतला 'क' असो की गुजरातीतला, आकडा तोच. करणाऱ्यांनी ओळखले की या लिप्या दिसायला वेगळ्या असल्या तरी त्यांची वर्णमाला एकाच उतरंडीची आहे. युनिकोडने लिप्यांना स्वतंत्र जागा दिल्या, पण आतला क्रम इस्कीचाच ठेवला. त्यामुळे देवनागरीच्या क्रमांकात ३८४ मिळवले की तेच गुजराती अक्षर येते. 'स' २३६०, त्यात ३८४ मिळवा, २७४४ हा गुजराती 'स'. 'समा' हा शब्द तीन बेरजांत रस्त्यावरच्या गुजराती पाटीवरचा 'समा' होतो. दोन भाषांत वाढलेल्या आपल्या मुलांना ही बेरीज जरूर करायला लावा. १९३१ मध्ये बडोदे संस्थानाने 'सयाजी शासन कल्पतरू' हा कारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतला कोश काढला होता. एका ओळीत एक अर्थ आणि आठ भाषांतली त्याची रूपे. या शहराला अशा तक्त्यांची परंपरा आहे.

पण ३८४ मिळवताना एका ठिकाणी जागा रिकामी सापडते. मराठीचा 'ऱ', जो 'वाऱ्यावर' आणि 'दुसऱ्या' या शब्दांत येतो, त्याच्या समोर गुजरातीच्या रकान्यात काही नाही. तो मराठीला लागतोच, आणि त्याबाबत आपणच गोंधळ घातला आहे. 'दुसऱ्या' हा शब्द दोन प्रकारे टंकता येतो. एकात स्वतंत्र 'ऱ' वापरतात. दुसऱ्या, जुन्या प्रकारात साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडखूण. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत. एका पद्धतीने शोधले तर दुसऱ्या पद्धतीने लिहिलेला लेख सापडत नाही. तुल्य रूपे एकसारखी करण्याची सोय लायब्ररीत असते, पण या दोन रूपांना युनिकोड तुल्य मानत नाही, त्यामुळे तीही इथे उपयोगी पडत नाही. 'ॲ'ची कथा तशीच. त्याला स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली, तोवर लोक 'अ'वर अर्धचंद्र ठेवून काम भागवत, आणि ते जुने लेखन आजही तसेच आहे. 'ॲप' शोधणाऱ्याला ते सापडत नाही. इथे जगातली कुणी लायब्ररी आपल्यासाठी निर्णय करणार नाही. मराठी प्रोग्रामरांनी, संपादकांनी आणि कोशकारांनी एक रूप ठरवून पाळायला हवे.

शेवटी मोडीकडे येतो. २०१४ मध्ये, युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत, मोडीला स्वतःची जागा मिळाली. मोडी 'क'चा क्रमांक ७११८२ आणि त्याचे बाइट चार. २४०, १४५, १५२, १४२. म्हणजे सरदेसाईंनी बाळबोधीत उतरवलेला कागद आता मूळ मोडी अक्षरांतही साठवता येईल, शोधता येईल. पण तीन बाइटांपुढे काही येणारच नाही असे गृहीत धरून लिहिलेले प्रोग्राम आजही चालू आहेत. त्यांत मराठी नीट बसते आणि मोडी अक्षर आले की मजकूर तिथेच तुटतो. ज्याने 'आपल्याला एवढे पुरे' म्हणून तक्ता आखडला, त्याने पुढच्या माणसाचे दार बंद केले. आस्कीच्या १२८ जागांनी आपल्याला जे भोगायला लावले, ते आपण मोडीच्या वाट्याला येऊ देऊ नये.

म्हणून आज माझ्या तीन विनंत्या आहेत. घरात, मंडळात, छापखान्यात जुन्या फॉन्टमधल्या फाइली असतील तर त्यांचा फॉन्ट अजून मिळतो आहे तोवर त्या युनिकोडमध्ये करून घ्या, आणि मूळ फाइलही जपून ठेवा, कारण रूपांतरात काय चुकले ते मुळाशिवाय तपासता येत नाही. मराठी मजकूर साठवणारा प्रोग्राम लिहाल तेव्हा तयार लायब्ररी वापरा आणि पहिली चाचणी 'दुसऱ्या', 'स्थिती', 'श्री', 'ॲप' अशा शब्दांवर घ्या. आणि कुणालाही फाइल द्याल तेव्हा ती कोणत्या तक्त्याने बांधली आहे, ते सोबत एका ओळीत लिहून द्या.

ही शेवटची विनंती माझी नाही, ती गुरुजींची सवय होती. त्यांनी उतरवून दिलेल्या प्रत्येक कागदाच्या माथ्यावर एक ओळ असे. मूळ मोडी, सन कोणता धरला, वाचन कोणी केले, कोणत्या दिवशी केले. आणि जे अक्षर लागले नाही तिथे ते कंसात प्रश्नचिन्ह घालत. पण त्याच्याशेजारी मूळ कागदावरचा आकार जसाच्या तसा काढून ठेवत, पुढच्या वाचणाऱ्यासाठी. मला आलेल्या पत्रातली तीन प्रश्नचिन्हे आणि गुरुजींच्या वहीतले ते प्रश्नचिन्ह आज माझ्या डोळ्यांसमोर शेजारी-शेजारी उभी आहेत. पत्रातल्या चिन्हांनी माझ्या गावाचे नाव पुसले. गुरुजींचे चिन्ह मात्र सांगत होते की इथे एक अक्षर आहे, मला ते लागले नाही, तुम्हाला लागेल.

गेल्या महिन्यात त्यांची एक वही पुन्हा उघडली. अशा एका प्रश्नचिन्हाशेजारचा आकार मी बराच वेळ पाहत राहिलो, आणि ते अक्षर मला लागले. मी त्याच्यापुढे ते लिहिले, खाली त्या दिवसाची तारीख घातली, आणि गुरुजींचे प्रश्नचिन्ह तसेच राहू दिले.